साहित्य, कृती आणि कोबॉल

मागल्या महिन्यात सांगलीच्या एका भगिनीचं पत्र आलं. आपल्या या पानावर येणारी पत्रं बहुतेक लोणच्याला आलेली बुरशी, कपाटातला कुबट वास, सासूबाईंचा गुडघा अशा विषयांची असतात. हे पत्र निराळं होतं. त्यांची मुलगी बी. एस्सी. झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. तीन महिने शिकवणी झाली. मग बरोबरच्या मुलामुलींना संगणकाच्या नव्या नव्या भाषा मिळाल्या आणि हिच्या वाट्याला आली 'कोबॉल'. सुट्टीत घरी आल्यावर मामांनी विचारलं, तिनं सांगितलं, तर मामा हसत सुटले. म्हणाले, "अगं, ही तर माझ्या जन्माआधीची भाषा! मोडीत निघालेली. तुला जुन्या बाजारात बसवलंय त्यांनी." पोर दोन दिवस नीट जेवली नाही. आईनं विचारलंय, "ताई, माझ्या लेकीचं नुकसान तर होत नाही ना? आणि ही भाषा आहे तरी काय?"

मैत्रिणींनो, मी बी. ए., तेही इतिहास घेऊन. सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवायचं आणि दुपारी घरचं आवरून हे पान लिहायचं, एवढाच माझा व्याप. संगणकातलं मला काय कळणार, असं वाटून पत्र बाजूला ठेवणार होते. पण 'जन्माआधीची भाषा' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. जन्माआधीचं म्हणजे तर माझाच विषय! मग ग्रंथालयातून पुस्तकं आणली. आमच्याच इमारतीत एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले आजोबा राहतात, त्यांच्याकडे चार संध्याकाळी जाऊन बसले. आणि जे हाती लागलं ते इतकं आपल्या घरचं निघालं, की आज सगळी जागा त्यालाच देते आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. संगणकाला इंग्रजी कळत नाही, मराठी कळत नाही, कुठलीच माणसाची भाषा कळत नाही. त्याला कळतात आकडे. सुरुवातीच्या काळी त्याला काही काम सांगायचं तर प्रत्येक बारीकसारीक आज्ञा आकड्यांत लिहावी लागे. अमुक कप्प्यातला आकडा उचल, तमुक कप्प्यातल्यात मिळव, उत्तर अमक्या कप्प्यात ठेव. पानंच्या पानं नुसते आकडे. लिहिणाऱ्यालाही आठ दिवसांनी वाचता येत नसे, मग दुसऱ्याची काय कथा!

या आकड्यांच्या रानात १९४४ साली एक बाई शिरल्या. नाव ग्रेस हॉपर. न्यूयॉर्क शहरात १९०६ साली जन्म. लहानपणी घरातली गजराची सात घड्याळं एकामागून एक खोलून बसल्या होत्या म्हणे. येल विद्यापीठातून १९३४ साली गणितात डॉक्टरेट मिळवली, आणि त्याआधीपासूनच व्हासार या मुलींच्या कॉलेजात शिकवत होत्या. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना आरमारात जायचं होतं. पण वय पस्तिशीच्या पुढे आणि वजन अवघं १०५ पौंड, म्हणजे नियमापेक्षा पंधरा पौंड कमी! शेवटी खास सवलत मिळवून १९४३ च्या डिसेंबरात त्या भरती झाल्याच. गणिताची प्राध्यापिका म्हणून त्यांना धाडलं हार्वर्ड विद्यापीठात, 'मार्क वन' नावाच्या यंत्राकडे. ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच असं हे धूड सेकंदाला तीन बेरजा करी. आज आपल्या पदराआड मावणारा मोबाइल सेकंदाला कोट्यवधी करतो, पण त्या वेळी तीन म्हणजे चमत्कार होता. ग्रेसबाईंनी त्या यंत्राला कामं सांगायला शिकून घेतलं आणि मग त्याचं पाचशेहून अधिक पानांचं माहितीपुस्तकही लिहून काढलं. शिक्षकाचा पिंड, दुसरं काय!

आता जो भाग सांगते तो मला सगळ्यात आवडला. यंत्राला नेहमी लागणारे आज्ञांचे काही तुकडे असत. हे तुकडे तिथली मंडळी वहीत लिहून ठेवत आणि गरज पडली की एकमेकांच्या वहीतून उतरवून घेत. अगदी आपण शेजारणीच्या वहीतून अनारशाची कृती उतरवून घेतो तसं. आणि आपल्यासारख्याच त्यांच्याही चुका होत. ग्रीक डेल्टाचा त्रिकोण घाईत ४ व्हायचा, इंग्रजी 'बी' चा १३ व्हायचा. आपल्याकडे शेजारणीचा 'चहाचा चमचा' आपल्या वहीत नुसता 'चमचा' होतो आणि शिऱ्यात मीठ जास्त पडतं, त्यातलाच प्रकार. ग्रेसबाई पुढं व्याख्यानांत सांगत, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसांना दोन गोष्टी जमत नाहीत, बेरीज आणि नक्कल. आणि या दोन्ही गोष्टी यंत्राला उत्तम जमतात. मग उतरवायचं काम यंत्रालाच का देऊ नये?

त्या १९४९ साली एका खाजगी कंपनीत गेल्या. युनिव्हॅक नावाचा संगणक तिथं तयार होत होता. १९५२ साली त्यांचा असा प्रोग्रॅम तयार झाला. तुकड्यांची नावं सांगायची, तो आपण होऊन तुकडे शोधून, जुळवून, आकड्यांत लिहून देई. याला त्यांनी नाव दिलं कंपायलर, म्हणजे संकलन करणारा. आणि लोकांनी काय करावं? कुणी हात लावेना! संगणक फक्त गणितं करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं त्यांना शहाण्या माणसांनी तोंडावर ऐकवलं.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं पडलं, की आकडेमोडीच्या शास्त्रज्ञांना खुणा आणि चिन्हं आवडतात, ठीक आहे. पण पगाराचा हिशेब करणारा कारकून, विम्याचे हप्ते बघणारी बाई, कोठारातला माल मोजणारा माणूस, यांना चिन्हं कशाला? त्यांना त्यांचे रोजचे शब्द द्या. वजा करायचं तर 'सबट्रॅक्ट' लिहू दे, ठेवायचं तर 'मूव्ह' लिहू दे. वरिष्ठांना पटवायला १९५५ च्या सुमारास त्यांनी एक प्रात्यक्षिक केलं. इंग्रजी शब्दांत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम यंत्राला दिला, तो चालला. मग तोच फ्रेंच शब्दांत दिला, तोही चालला. मग जर्मन शब्दांत. तोही! हेतू असा, की यंत्राला भाषेशी देणंघेणं नाही, आपण ठरवून देऊ त्या शब्दाचे आकडे ते करतं. पण वरिष्ठ मंडळी दचकली. फिलाडेल्फियात तयार झालेल्या भल्या अमेरिकन यंत्राला फ्रेंच अन् जर्मन कसं येईल, म्हणून सगळा बेतच संशयात सापडला. बाईंना पुढं कितीतरी महिने 'आम्ही फक्त इंग्रजीच वापरू' असं सांगत बसावं लागलं. (मला वाचताना वाटलं, तेव्हा कुणी हौसेनं 'वजा कर' दिलं असतं तर तेही चाललं असतं!) या खटपटीतून जी भाषा निघाली तिचं नाव 'फ्लो-मॅटिक'. कोबॉलची ही थोरली बहीण.

एवढ्यात दुसरंच संकट उभं राहिलं. संगणक करणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि प्रत्येकीची भाषा वेगळी झाली. एका कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेला पगाराचा प्रोग्रॅम दुसरीच्या यंत्रावर कुचकामी. म्हणजे शेगडी बदलली की सगळ्या पाककृती नव्यानं लिहा! अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे त्या वेळी २२५ संगणक होते आणि आणखी १७५ ची मागणी नोंदवलेली. त्यांच्या डोक्याला किती ताप असेल बघा. तेव्हा बरोज या कंपनीतल्या मेरी हॉज नावाच्या बाईंनी पुढाकार घेतला. सगळ्यांनी मिळून धंद्याच्या हिशेबाची एकच सामायिक भाषा करू या, असं त्या भेटेल त्याला सांगू लागल्या. ८ एप्रिल १९५९ ला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात छोटी बैठक झाली आणि मे महिन्याच्या २८-२९ तारखांना संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉन इमारतीत मोठी. चाळीसेक माणसं जमली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या आणि सरकारी कार्यालयं एका टेबलाभोवती बसली.

मग समित्या नेमल्या. एक अल्प मुदतीची, एक मध्यम मुदतीची, एक दीर्घ मुदतीची. अल्प मुदतीच्या समितीनं पटकन काहीतरी तात्पुरतं करून द्यायचं आणि खरी चांगली भाषा पुढच्यांनी सावकाश करायची, असा बेत. दीर्घ मुदतीची समिती कधी बसलीच नाही. तात्पुरत्या समितीनं केलेली भाषा म्हणजे कोबॉल, आणि ती साठाहून अधिक वर्षं चालते आहे! आपल्याही घरात कपाटाच्या पायाखाली तात्पुरती म्हणून ठेवलेली वीट असतेच की. नाव पडलं 'कॉमन बिझनेस ओरिएंटेड लँग्वेज', म्हणजे व्यवहाराच्या कामाची सामायिक भाषा. त्याची आद्याक्षरं जोडून कोबॉल.

समिती म्हटली की वाद आलेच. काम रेंगाळलं. आरसीए कंपनीचे हॉवर्ड ब्रॉमबर्ग इतके वैतागले, की त्यांनी थडगी घडवणाऱ्याकडून एक संगमरवरी थडग्याचा दगड करून घेतला, त्यावर 'कोबॉल' कोरलं आणि समितीच्या वरच्या अध्यक्षांना, चार्ल्स फिलिप्स यांना, पाठवून दिला. हमालीही त्यांनीच भरायची! दगडाच्या माथ्यावर कोकरू कोरलेलं आहे. तिकडे लहान मुलांच्या थडग्यावर कोकरू असतं, म्हणजे हे बाळ काही जगत नाही असा टोमणा. तो दगड आज कॅलिफोर्नियातल्या संगणक-संग्रहालयात आहे.

बाळ जगलं. शेवटी सहा जणांनी १९५९ च्या नोव्हेंबरात बैठक मारून भाषेचे नियम लिहून काढले. त्यात दोन बाया होत्या, सिल्व्हानिया कंपनीच्या जीन सॅमेट आणि आयबीएमच्या गर्ट्रूड टियर्नी. त्या मसुद्यावर शेवटचा संपादकीय हात फिरवला तो बेटी होल्बर्टन यांनी. या होल्बर्टनबाईंची हकीकत तुम्हाला सांगायलाच हवी. कॉलेजात गणिताच्या पहिल्याच तासाला प्राध्यापकांनी त्यांना विचारलं होतं, की घरी बसून मुलं वाढवलीत तर बरं नव्हे का? त्या बिचाऱ्या गणित सोडून पत्रकारितेकडे वळल्या. पण महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, गणित येणाऱ्या मुली हव्या झाल्या, आणि एनिअॅक या गाजलेल्या यंत्राला पहिल्यांदा कामाला लावणाऱ्या सहा मुलींपैकी त्या एक झाल्या. पुढं युनिव्हॅकचं काळंकभिन्न रूप बदलून त्याला फिकट राखी-बदामी रंग द्यायला अभियंत्यांना त्यांनीच लावलं. आज दफ्तरातल्या यंत्रांचा जो मळकट बदामी रंग आपल्याला ठाऊक आहे, त्याची सुरुवात ती.

जानेवारी १९६० मध्ये मसुदा मंजूर झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या ६ आणि ७ तारखेला परीक्षा झाली. कोबॉलमध्ये लिहिलेला एकच प्रोग्रॅम किरकोळ फेरफार करून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून पाहिला. दोन्हींवर चालला. संरक्षण खात्यानं तर सांगूनच टाकलं होतं, की ज्या यंत्रावर कोबॉल चालत नाही ते यंत्र आम्ही सहसा घेणार नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक असं म्हणाल्यावर कोणती कंपनी नाही म्हणेल?

कुठंही वाचाल तर ग्रेस हॉपर यांना 'कोबॉलची आई' म्हटलेलं दिसेल. जीन सॅमेट यांना हे मुळीच मान्य नव्हतं. २००० साली त्यांनी 'खरे कर्ते कोण' हे सांगणारा लेखच लिहिला. हॉपरबाई नियम लिहिणाऱ्या समितीत नव्हत्याच, त्या वरच्या मंडळाच्या सल्लागार होत्या. भाषा सहा जणांनी आणि त्यांच्या मागे असलेल्या समितीनं केली. मला सॅमेटबाईंचं बरोबर वाटतं. फ्लो-मॅटिकचं ऋण मोठं आहे, ते नाकारू नये. पण एकीला देव्हाऱ्यात बसवलं की बाकीच्या पाच-सात जणी आपोआप स्वयंपाकघरात जातात, हे आपण लग्नकार्यात बघतोच.

बरं, आता ही भाषा दिसते कशी? आजोबांनी मला एक जुना प्रोग्रॅम दाखवला आणि मी बघतच राहिले. अहो, ही तर आपल्या पाककृतीच्या पानाची मांडणी! कोबॉलच्या प्रत्येक प्रोग्रॅमचे चार भाग. पहिला ओळखीचा, त्यात प्रोग्रॅमचं नाव आणि पूर्वी लिहिणाऱ्याचंही नाव असे. आपल्याकडे 'खमंग कोथिंबीर वडी' आणि खाली पाठवणारीचं नाव असतं तसं. दुसरा भाग, कोणत्या यंत्रावर चालवायचं, म्हणजे शेगडी की ओव्हन. तिसरा 'डेटा', म्हणजे साहित्य. आणि चौथा 'प्रोसीजर', म्हणजे कृती. साहित्य आधी मांडल्याशिवाय कृतीला हात लावायचा नाही, हा दंडक.

साहित्याच्या भागात प्रत्येक वस्तूला डबा ठरवून द्यायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची. या चिठ्ठीला ते 'पिक्चर' म्हणतात. चार वेळा ९, मग व्ही, मग दोन वेळा ९ लिहिलं, की या डब्यात चार आकडी रुपये आणि दोन आकडी पैसे मावतील असा अर्थ. डबा भरताना मात्र सांभाळायचं. चार आकड्यांच्या डब्यात १२,३४५ ओतलेत तर डावीकडचा १ हू की चू न करता गळून पडतो आणि डब्यात राहतात २,३४५. दहा हजारांना चाट!

मी आजोबांना म्हटलं, मला आपलं नेहमीचं काहीतरी लिहून दाखवा. रोज एक लिटर दुधाचा महिन्याचा हिशेब. त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहिलं:

सबट्रॅक्ट खाडे फ्रॉम दिवस गिव्हिंग हजेरी.
मल्टिप्लाय हजेरी बाय दर गिव्हिंग बिल.

झालं! डब्यांची नावं आपण ठेवू ती, फक्त रोमन लिपीत लिहायची. इंग्रजी सातवीपर्यंत शिकलेल्या बाईलाही कळेल की इथं महिन्याच्या दिवसांतून खाडे वजा केलेत आणि दरानं गुणलंय. लिहिणारा नोकरी सोडून गेला, गावाला गेला, देवाघरी गेला, तरी मागून येणाऱ्याला वाचता येतं. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम असतो तोही तुमच्या लक्षात आला असेल. तो बिंदू फार जहाल. चुकीच्या जागी पडला तर 'जर अमुक तर तमुक' अशा लांब वाक्याचा अर्थच फिरतो, आणि तक्रार कुठंच येत नाही.

दुसरं म्हणजे पैसे. बहुतेक संगणकी भाषांत अपूर्णांक दोनाच्या पाढ्यात ठेवतात. आपल्याला जसा एकतृतीयांश दशांशात पुरा लिहिता येत नाही, ०.३३३ करत जावं लागतं, तसा त्या पाढ्यात दहावा हिस्सा, म्हणजे साधे दहा पैसे, पुरा लिहिता येत नाही. बारीकशी कसर राहते. एका बिलात ती दिसणार नाही, लाखो खात्यांच्या व्याजात दिसेल. कोबॉलमध्ये पैसा दशांशातच ठेवता येतो, पैशाला पैसा जुळतो. बँका आणि विमा कंपन्या या भाषेला चिकटून राहिल्या त्याचं हे एक मोठं कारण आहे.

विद्वानांनी मात्र या भाषेला कधी जवळ केलं नाही. डायक्स्ट्रा नावाचे मोठे डच शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९७५ साली लिहून ठेवलं, की कोबॉल वापरून बुद्धी पंगू होते, ती शिकवणं हा गुन्हाच धरावा. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. भाषा पाल्हाळिक आहे, दोन ओळींच्या जागी दहा लिहाव्या लागतात, आणि सुरुवातीच्या कोबॉलमध्ये या पानावरून त्या पानावर उड्या मारणारे असे गुंते व्हायचे, की सोडवता सोडवता रात्र व्हावी. सुधारणा १९८५ च्या आवृत्तीत बऱ्याच झाल्या. पण त्या नाक मुरडण्यात आणखीही काहीतरी आहे असं मला आपलं वाटतं. चंद्रावर जायचं गणित ते श्रेष्ठ आणि पगारपत्रक ते हलकं, ही वृत्ती. घरात नाही का, शेअर बाजाराबद्दल बोलणारा हुशार आणि वाण्याची यादी ठेवणारी साधी! विद्यापीठातली मंडळी कोबॉलच्या समितीत जवळजवळ नव्हतीच. ती कारकुनी भाषा म्हणून त्यांनी सोडून दिली, आणि जगाचे पगार, पेन्शनी, विम्याचे हप्ते तिच्यावर चालू लागले.

या भाषेनं आपल्या लोकांनाही पोटाला लावलं, तो प्रसंग म्हणजे २००० सालचा घोळ. पूर्वी माहिती जाड कागदी कार्डांवर भोकं पाडून भरत. एका कार्डावर ८० अक्षरांची जागा. जागा महाग, म्हणून साल लिहिताना पुढचे १९ गाळून दोनच आकडे लिहायचे. १९६५ म्हणजे ६५. आपण दिवाळीच्या हिशेबात लिहितो तसंच. कार्डं गेली, सवय राहिली, आणि डबे दोन आकड्यांचेच राहिले. मग २००० साल जवळ आलं. समजा एखादी बाई १९३५ साली जन्मली. २००० साली तिचं वय ६५, पेन्शनची हक्कदार. यंत्र काय करणार? ०० वजा ३५. डब्यात उणे चिन्हाला जागा नसेल तर उत्तर ३५! बाईचं वय एका रात्रीत तीस वर्षांनी कमी. ऐकायला गोड, पण पेन्शन बंद.

असे कोट्यवधी ओळींचे जुने प्रोग्रॅम एकेक करून तपासायचे होते आणि अमेरिकेत माणसं पुरेनात. तेव्हा १९९० च्या दशकात हे काम मोठ्या प्रमाणावर भारतात आलं. मुंबईत १९६८ साली सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी, १९८१ साली पुण्यात जन्मून पुढं बंगळूरला गेलेली इन्फोसिस, अशा कंपन्यांतून तरुण मुलंमुली रात्रंदिवस कोबॉल वाचत बसली. कुणाच्या बापानं लिहिलेलं, कुणाच्या आजीनं लिहिलेलं, सातासमुद्रापलीकडचं. ते त्यांना वाचता आलं, कारण वाक्यं वाचता येतील अशी लिहिलेली होती. १ जानेवारी २००० ला काही मोठं बिघडलं नाही, आणि मग लोक म्हणाले की उगाच बाऊ केला होता. घर नेटकं असलं की कुणाला काम दिसत नाही, त्यातलंच हे.

वीस वर्षांनी पुन्हा तोच ओरडा. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे अमेरिकेत लाखोंच्या नोकऱ्या गेल्या, बेकारभत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी कोबॉल येणाऱ्या स्वयंसेवकांना चक्क जाहीर हाक दिली. साठ वर्षांच्या जुन्या भाषेनं घात केला, असा सगळीकडे बोभाटा झाला. मार हिक्स या इतिहासकारांनी त्याच वर्षी लिहिलं, की अडलं होतं ते समोरच्या दारात, अर्ज भरायच्या नव्या पद्धतीच्या संकेतस्थळावर. आतलं जुनं कोबॉल आपलं काम करत होतं. खापर मात्र म्हातारीच्या डोक्यावर.

ताई, आता तुमच्या लेकीचं. भाषा मोडीत निघालेली नाही, हे तिच्या मामांना खुशाल सांगा. तिची नवी प्रमाण आवृत्ती २०२३ साली निघाली आहे. रॉयटर्स वृत्तसंस्थेनं २०१७ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात २२० अब्ज ओळी कोबॉल वापरात होतं. ते काढून टाकणं सोपं नाही. ऑस्ट्रेलियातल्या कॉमनवेल्थ बँकेनं आपली जुनी व्यवस्था बदलून नवी आणली, तर २०१२ पर्यंत पाच वर्षं लागली आणि सुमारे शंभर कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च झाला. जाणती माणसं निवृत्त होत चालली आहेत, म्हणजे शिकलेल्या मुलीला मागणी आहे.

पण दुसरी बाजूही सांगते. नुसती भाषा चार महिन्यांत येते. खरी किंमत आहे ती आतला व्यवहार कळण्याला. व्याज कसं आकारतात, विम्याचा हप्ता चुकला तर काय होतं, हे नियम कुठल्या कुठल्या देशांतल्या त्या प्रोग्रॅममध्ये पुरलेले असतात, बाहेर कागदावर कुठं नसतात. शिवाय आयबीएमनं २०२३ साली कोबॉलचं जावा या भाषेत रूपांतर करायला मदत करणारं कृत्रिम बुद्धीचं साधन जाहीर केलं आहे. तेव्हा मुलीनं कोबॉल मन लावून शिकावं, बरोबर नव्यांपैकी एक भाषाही हाताशी ठेवावी, आणि दोन-तीन वर्षांत कामाचा व्यवहार समजून घेतला नाही तर मात्र जागा बदलावी. तिच्या वरिष्ठांनी तिला नुसतं जुनं दुरुस्त करायला बसवलं आणि त्यामागचं कारण कधी सांगितलं नाही, तर ते नुकसान. भाषेचं वय हे नुकसान नव्हे. ग्रेस हॉपर यांना आरमारानं १९६६ अखेर निवृत्त केलं आणि वर्ष उलटायच्या आत, १९६७ साली, कोबॉल एकसारखं करायच्या कामासाठीच परत बोलावून घेतलं. त्या शेवटच्या निवृत्त झाल्या १९८६ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रिअर अॅडमिरल होऊन.

पत्राच्या शेवटी या भगिनींनी लाजत लाजत विचारलंय, की मला स्वतःला घरी थोडं करून बघता येईल का? येईल की. जीएनयू कोबॉल नावाचा कंपायलर फुकट मिळतो, घरच्या साध्या कॉम्प्युटरवर चालतो. लेकीकडून बसवून घ्या. जुन्या पद्धतीनं लिहायचं तर कार्डाच्या काळची शिस्त पाळावी लागते. पहिली सहा घरं मोकळी सोडायची, सातवंही सोडायचं, भागांची शीर्षकं आठव्या घरापासून आणि वाक्यं बाराव्यापासून सुरू करायची, बहात्तराव्या घराच्या पलीकडे जायचं नाही. दोन रेघी वहीत समास सोडून लिहिणाऱ्या आपल्या पिढीला याचं काही जड वाटू नये. पहिला प्रोग्रॅम दुधाचाच करा. दराच्या डब्याला दोन आकडे पुरतील की तीन लागतील, ते आधी दूधवाल्याला विचारा, आणि बिलाचा डबा चार आकडी ठेवा.

पुढल्या अंकात तांदळातल्या पोरकिड्यांवर आलेल्या पत्रांना उत्तरं देते.